भाडं अस्थिर असताना कंटेनर कसा पाठवावा: छोट्या निर्यातदारासाठी

न्हावा शेवाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे साधारण ६,३०० सागरी मैल पडतात. आफ्रिकेच्या दक्षिणेकडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला तर हेच अंतर पावणेअकरा हजारांच्या घरात जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं, डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या लाईन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, सुएझ सोडून केपचा रस्ता धरला आणि जानेवारीत सुरू झालेला नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम त्यात सापडला. तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाच आठवड्यांवर गेला. भाडं वाढलं ते वेगळंच.

पुढच्या महिन्यात भाडं किती असेल, हे खात्रीनं कोणालाच सांगता येत नाही. तुम्हाला एवढंच ठरवता येतं की भाडं वाढलं, जहाज उशिरा आलं, सरकारनं निर्यातशुल्क लावलं किंवा समोरच्या देशानं आयातशुल्क वाढवलं, तर तो बोजा कोणी उचलायचा. हे ऑर्डर पक्की करण्याआधी कागदावर आलं पाहिजे. माल बंदरात पोचल्यावर केलेली बोलणी जवळजवळ नेहमी निर्यातदाराच्या अंगावर येतात, कारण तोवर त्याच्या हातात सौदा मोडण्याची ताकद उरलेली नसते.

बाजाराची हवा कशी ओळखायची

ड्र्युरी या सल्लागार संस्थेचा कंटेनर-भाड्याचा निर्देशांक दर गुरुवारी येतो, शांघायचा तसाच निर्देशांक एससीएफआय दर शुक्रवारी. दोन्ही पाहा, पण त्यावरून आपला दर काढू नका. दोन्हींचा मुख्य आधार चीनमधून निघणारा माल आहे. त्यांचा उपयोग आगाऊ इशाऱ्यासारखा होतो: चीनचं भाडं झपाट्यानं चढलं की लाईन्स जहाजं आणि रिकामे कंटेनर तिकडे वळवतात आणि काही आठवड्यांत त्याची झळ न्हावा शेवा, मुंद्रा इथे लागते. चढउतार किती मोठा असतो याची कल्पना यावी म्हणून: ड्र्युरीचा ४० फुटी कंटेनरचा आकडा सप्टेंबर २०२१ मध्ये १०,००० डॉलरच्या वर होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये दीड हजाराच्या खाली आला आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा ५,९०० च्या आसपास पोचला.

इतकी उडी का बसते? आठवड्याला एक जहाज सोडायचं असेल, तर पूर्ण फेरीला जितके आठवडे लागतात तितकी जहाजं त्या सेवेला लागतात. आठ आठवड्यांची फेरी अकरा आठवड्यांची झाली की त्याच मालासाठी तीन जहाजं जास्त. नवं जहाज बांधून मिळायला दोन-तीन वर्षं जातात, त्यामुळे जागा अचानक अपुरी पडते आणि भाडं हाच एक चाळणीचा मार्ग उरतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. सुएझचा रस्ता सर्वांसाठी नेहमीसारखा खुला झाला की हीच जहाजं मोकळी होतात आणि भाडं घसरतं. पण पहिले काही आठवडे केपकडून निघालेली आणि सुएझकडून निघालेली जहाजं युरोपच्या बंदरांत एकाच वेळी पोचतात, धक्के तुंबतात. म्हणून ‘सुएझ सुरू’ अशी बातमी वाचून खरेदीदाराला लगेच कमी भाव देऊ नका.

आपल्यासाठी जास्त कामाच्या खुणा जवळच्याच आहेत. फॉरवर्डरच्या, म्हणजे लाईनकडे तुमची जागा बुक करणाऱ्या मध्यस्थाच्या, कोटेशनची मुदत ३० दिवसांवरून १५ आणि १५ वरून ७ दिवसांवर आली, तर बाजार तापतोय. लाईनच्या ब्लँक सेलिंगच्या, म्हणजे फेरी रद्द केल्याच्या सूचना महिन्यात एकाहून जास्त आल्या तर जागा मुद्दाम कमी केली जातेय. यार्डात ४० फुटी हाय क्यूब (जादा उंचीचा डबा) किंवा रीफर (शीत डबा) मिळायला दोन-तीन दिवस लागत असतील, तर पुढचं बुकिंग आजच टाका. जीआरआय, म्हणजे सरसकट भाडेवाढ, सहसा महिन्याच्या १ किंवा १५ तारखेपासून लागू होते. ती टिकते का हे पाच-सात दिवसांनी कळतं. मालाची घाई नसेल तर एवढे दिवस थांबून दर विचारलेला बरा.

भाडं किलोवर उतरवून पाहा

दर वाढला म्हणजे नेमकं किती नुकसान, हे मालावर अवलंबून असतं. समजा सांगलीहून हळद जातेय, २० फुटी कंटेनरमध्ये १८ टन. भाडं १,२०० डॉलरवरून २,८०० झालं. वाढ १,६०० डॉलर, म्हणजे किलोमागे सुमारे ९ सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर साडेसात रुपये. आता सोलापूरचे टॉवेल घ्या. ४० फुटी हाय क्यूबमध्ये ९ टन बसले आणि भाडं २,४०० डॉलरनं वाढलं, तर किलोमागे साधारण २७ सेंट, म्हणजे बावीस-तेवीस रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे तुम्ही भरा. किलोमागे तुमचा निव्वळ नफा किती आणि किती भाडेवाढीला तो शून्य होतो, हा एक आकडा प्रत्येक मालासाठी लिहून ठेवा. त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंत भाडं चढलं की नव्या ऑर्डरला जुना भाव देणं थांबवायचं.

टॉवेलसारख्या हलक्या मालात खोक्याच्या मापाकडे लक्ष दिलं तर भाड्यात बरेच पैसे वाचतात. हाय क्यूबचं आतलं माप सुमारे ७६ घनमीटर असतं, पण खोकी भरताना ६५ ते ६८ धरावं. खोक्याची उंची दोन सेंटिमीटरनं कमी करून एक थर जास्त बसतो का, हे कागदावर मांडून बघा. जड मालात अडचण उलटी असते. २० फुटीची एकूण वजनाची मर्यादा बहुधा ३०,४८० किलो आणि रिकाम्या डब्याचं वजन २,२०० ते २,४०० किलो असतं, पण बऱ्याच लाईन्स त्याच्या बऱ्याच आधीच जादा वजनाचा आकार लावतात. तो कोणत्या टनापासून लागतो, हे दर विचारतानाच विचारा.

कोटेशन घेताना आणि देताना

फॉरवर्डरकडून ‘ऑल-इन’ दर घेऊ नका, फोड मागा. मूळ सागरी भाडं, इंधन अधिभार, हंगामी अधिभार, युद्धजोखीम अधिभार, युरोपसाठी ईटीएस (कार्बन उत्सर्जनाचा) अधिभार, दोन्ही टोकांचं टर्मिनल हँडलिंग, बीएल (जहाजावरच्या मालाची पावती) फी, सील, आणि उतरण्याच्या बंदरावर डबा दंडाशिवाय ठेवण्याचे मोफत दिवस. ईटीएसचा आकार वर्षागणिक वाढता आहे: युरोपीय संघानं जहाजांच्या उत्सर्जनाचा २०२४ साठी ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण हिशेब धरायचं ठरवलं आहे. फोड हातात असली की नंतर आलेला ‘नवा’ अधिभार खरोखर नवा आहे, की आधीच मोजलेला, हे तपासता येतं.

सगळ्यात मोठा फसवा भाग म्हणजे दराची तारीख. ‘३१ तारखेपर्यंत वैध’ याचा अर्थ बुकिंगची तारीख, डबा बंदरात शिरल्याची (गेट-इन) तारीख, की जहाजावर माल चढल्याची तारीख? बहुतेक वादांचं मूळ इथेच सापडतं. जहाज २९ ला सुटणार होतं, ते २ तारखेला सुटलं, आणि नवा दर लागला. म्हणून ईमेलवर एका ओळीत लिहून घ्या: कोणती तारीख धरणार आणि लाईनच्या चुकीनं उशीर झाला तर जुना दर राहील का.

खरेदीदाराला भाव देताना सीआयएफ (भाडं आणि विमा धरून) किंवा सीएफआर (फक्त भाडं धरून) असेल तर मालाचा भाव आणि भाडं वेगवेगळं दाखवा. करारात चार गोष्टी हव्यात: भाव कोणत्या तारखेच्या भाड्यावर काढला आहे, भाड्यात किती टक्क्यांपर्यंतचा फरक तुम्ही सोसाल, त्यापुढची वाढ कोण देणार किंवा कशी वाटून घेणार, आणि माल समुद्रात असताना लाईननं लावलेला अधिभार कोणाचा. भाडं उतरलं तर त्याचा वाटा खरेदीदारालाही मिळेल असं लिहा. मग तो वाढीच्या कलमाला सहसा विरोध करत नाही. भावाची मुदत ७ दिवस ठेवा. हंगामभराचा एकच भाव मागणारा खरेदीदार असेल तर त्याला एफसीए, म्हणजे माल इथेच वाहतूकदाराकडे सोपवण्याचा, भाव द्या आणि भाडं त्याच्याकडेच राहू द्या.

एफओबी आपल्याकडे सवयीनं लिहिलं जातं, पण कंटेनरसाठी ते सोयीचं नाही. एफओबीमध्ये माल प्रत्यक्ष जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची. डबा टर्मिनलमध्ये गेल्यावर तुमचा त्यावर ताबा नसतो, आणि फेरी चुकली तर तो आठवडाभर तिथेच तुमच्या जबाबदारीवर उभा राहतो. एफसीएमध्ये माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपते. एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, व्यवहार असेल तर ‘ऑन बोर्ड’ नोंद असलेला बीएल मिळण्याची सोय इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींमध्ये एफसीएसाठी केलेली आहे. ती करारात स्पष्ट मागून घ्या.

डीडीपी मात्र सध्याच्या काळात टाळा. समोरच्या देशाचं आयातशुल्क तुम्ही भरणार, हे कबूल करणं म्हणजे तिथल्या सरकारच्या पुढच्या निर्णयाची हमी देणं. अमेरिकेनं ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. २७ तारखेपूर्वी जहाजावर चढलेल्या मालाला दुसऱ्या वाढीतून सूट होती, पण तो १७ सप्टेंबरपूर्वी तिथे कस्टममधून सुटायला हवा होता. तीन आठवड्यांची ती खिडकी. केपमार्गे न्यू यॉर्कला जाणारा डबा एवढ्यात पोचत नाही, त्यामुळे २५-२६ ऑगस्टला घाईनं चढवलेल्या मालाला त्या सुटीचा उपयोग नव्हता. अशी सूचना निघाली की चढवण्याची आणि पोचण्याची अशा दोन्ही अटी वाचायच्या.

बुकिंग: मागच्या तारखेपासून पुढे या

फॉरवर्डर दोनच ठेवा. सहा जणांकडे एकाच डब्याचं बुकिंग टाकलं तर लाईनला सहा डब्यांची मागणी दिसते, दर चढतो, आणि रद्द केलेल्या बुकिंगचा दंड शेवटी तुमच्याच खात्यात येतो. दोघांपैकी एकाचा तुमच्या मार्गावरच्या किमान एका लाईनशी ठराविक जागेचा करार असावा. महिन्याला चार-पाच डबे जात असतील तर निम्मे तीन महिन्यांच्या कराराच्या दरानं आणि निम्मे चालू दरानं पाठवा. सगळा माल चालू दरावर ठेवला तर बाजार चढताना जागाच मिळत नाही. सगळा करारावर ठेवला तर उतरत्या बाजारात शेजारचा निर्यातदार तुमच्यापेक्षा स्वस्त विकतो.

कोरड्या मालाचं बुकिंग सुटण्याच्या १० ते १४ दिवस आधी, रीफरचं तीन ते चार आठवडे आधी. मग उलट मोजा. गेट कट-ऑफची, म्हणजे डबा बंदरात आत घेण्याच्या शेवटच्या वेळेची, तारीख घ्या, त्याच्या किमान ३६ तास आधी डबा उरण-जेएनपीए (न्हावा शेवा बंदर) परिसरात पोचेल असं बघा. पावसाळ्यात आणि मार्चअखेरीला अजून एक दिवस जोडा. शिपिंग बिल (कस्टमला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र) त्याआधी कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर भरलेलं, वजनाचं प्रमाणपत्र म्हणजे व्हीजीएम लाईनकडे गेलेलं आणि बंदरात डबा आत नेण्याचा फॉर्म १३ निघालेला हवा. व्हीजीएम १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली सक्तीचं आहे; ते नसेल तर डबा जहाजावर चढत नाही, आणि शिपिंग बिलातलं वजन आणि व्हीजीएम यांत मोठी तफावत असेल तर प्रश्न विचारले जातात. लाकडी पट्ट्या, पॅलेट आणि रिकाम्या डब्याचं वजन धरायला विसरू नका. डब्याचं वजन त्याच्या दारावर लिहिलेलं असतं, ते फोटोत घ्या.

थेट सेवा आणि कोलंबो, सलालाह किंवा जेबेल अलीला जहाज बदलावं लागणारी सेवा यांत भाड्याचा फरक असतो. शांत बाजारात स्वस्त सेवा घ्यायला हरकत नाही. गोंधळाच्या काळात मात्र बदलीच्या बंदरात डबा किती दिवस पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून नाशवंत किंवा तारखेला बांधलेला माल थेट सेवेनंच पाठवा.

रोलओव्हर झाला, म्हणजे डबा ठरलेल्या जहाजावर न चढता पुढच्यावर ढकलला गेला, तर त्याच दिवशी चार कामं करायची. फॉरवर्डरकडून कारण लेखी घ्यायचं. पुढच्या जहाजाचं नाव आणि फेरी क्रमांक मागायचा, नुसतं ‘नेक्स्ट व्हेसल’ चालणार नाही. बंदरातलं जागाभाडं आणि रीफरच्या विजेचं (प्लग-इन) शुल्क कोण भरणार ते ठरवायचं. आणि एलसीची शेवटची शिपमेंट तारीख तपासून गरज असेल तर खरेदीदाराकडून दुरुस्ती मागायची. एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम असलेल्या यूसीपी ६०० प्रमाणे कागदपत्रं माल चढल्यापासून २१ दिवसांत आणि एलसीच्या मुदतीत बँकेत हवीत. वाहतुकीतल्या उशिराची सबब बँक ऐकत नाही. म्हणून एलसी उघडतानाच शिपमेंटच्या तारखेत १५ दिवसांची मोकळीक मागा, ट्रान्सशिपमेंटला (वाटेत जहाज बदलायला) परवानगी असू द्या आणि विशिष्ट जहाजाचं किंवा मार्गाचं नाव एलसीत येऊ देऊ नका.

रीफरचा लांबलेला प्रवास

द्राक्षांचा डबा पाच आठवड्यांवर गेला की पॅकहाउसमध्ये झालेली प्रत्येक कसूर शेवटच्या दहा दिवसांत वर येते. रीफर कंटेनर मालाला थंड करत नाही, थंड केलेल्या मालाला फक्त सांभाळतो. तोडणीनंतर चार ते सहा तासांत प्रीकूलिंग सुरू व्हावं, आणि भरण्याआधी घडाच्या मध्यातल्या मण्याचं तापमान शून्य ते एक अंशावर आलेलं असावं. खोक्याबाहेरच्या हवेचं तापमान बघून डबा भरणं ही नेहमीची चूक आहे. सेट पॉइंट, म्हणजे डब्यावर लावायचं तापमान, शून्य ते उणे अर्धा अंश सेल्सिअस. बुकिंगवर हा आकडा उण्याच्या चिन्हासकट आणि ‘सेल्सिअस’ लिहून द्या, व्हेंटची (हवा खेळण्याच्या झडपेची) सेटिंगही लेखी द्या. माल डब्याच्या आत आखलेल्या लाल रेषेच्या वर रचू नका, नाहीतर हवा दारापर्यंत फिरत नाही आणि शेवटच्या दोन पॅलेटवर बुरशी येते.

लांबच्या रस्त्यासाठी फळ वेगळं निवडावं लागतं. हिरवा, कडक देठ, जास्त न पिकलेला घड. पाऊस पडलेल्या बागेचा माल केपमार्गे पाठवूच नये, भाव कितीही चांगला असो. सल्फर डायऑक्साइडचा पॅड दोन टप्प्यांत वायू सोडणारा घ्या आणि त्याची क्षमता किती दिवसांची आहे ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. डब्यात किमान दोन डेटा लॉगर ठेवा, एक पुढे आणि एक दाराकडे, त्यांचे क्रमांक पॅकिंग लिस्टवर टाका. दावा करायची वेळ आली तर याच नोंदी उपयोगी पडतात.

विमा: काय मिळतं, काय नाही

साधारण प्रथा सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांचा विमा काढण्याची आहे. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस या मालविम्याच्या ठरलेल्या अटींपैकी ‘ए’ सर्वांत विस्तृत, ‘सी’ सर्वांत अरुंद. खरेदीदारानं दुसरं काही मागितलं नसेल तर इन्कोटर्म्स २०२० मधल्या सीआयएफखाली ‘सी’ दिला तरी अट पूर्ण होते, पण तो घेऊन समाधानी राहू नका. दोन गोष्टी मात्र ‘ए’मध्येही मिळत नाहीत: युद्ध आणि संप. त्यांचे क्लॉज वेगळे घ्यावे लागतात. युद्धाचं संरक्षण मुख्यतः माल जहाजावर असतानाच चालतं, जमिनीवर नाही, आणि विमा कंपनी ते सहसा सात दिवसांच्या नोटिशीनं काढून घेऊ शकते. वार्षिक ओपन पॉलिसी असेल तर दर डब्याच्या आधी हा क्लॉज चालू आहे ना, हे ईमेलनं विचारा.

निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान ‘ए’मध्येही वगळलेलं आहे. म्हणजे केपच्या वळशामुळे माल फक्त उशिरा पोचला आणि भाव पडला, तर विमा काही देणार नाही.

जनरल अ‍ॅव्हरेजकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये सहा दिवस अडकलं, त्यानंतर मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. असं झालं की जहाज वाचवण्याच्या खर्चात प्रत्येक मालधन्याचा वाटा लागतो, तुमच्या डब्याला ओरखडाही उठला नसला तरी. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते आणि डबा सुटतो. नसेल तर रोख अनामत भरावी लागते.

धोरण आणि पैसे

कांदा पाठवणाऱ्यांना हे सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरला बंदी, मे २०२४ मध्ये ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांसह मोकळीक, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. डिसेंबरच्या बंदीत ज्यांचा माल चढायला लागला होता, किंवा ज्यांचं शिपिंग बिल भरलेलं होतं आणि जहाज बंदरात आलं होतं, किंवा ज्यांचा माल कस्टमच्या ताब्यात नोंदला गेला होता, त्यांना वाट मिळाली. म्हणून अशा मालात शिपिंग बिल शेवटच्या दिवसावर टाकू नका. करारात ‘निर्यातीवर बंधन आलं तर दंडाशिवाय सौदा रद्द’ हे कलम हवंच, आणि निर्यातशुल्क लागलं तर ते भावात मिळवलं जाईल हेही.

खरेदीदार नवा असेल किंवा त्याच्या देशात गडबड असेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-पतविमा कंपनीचं संरक्षण माल निघण्यापूर्वी घ्या. खरेदीदाराची मर्यादा मंजूर व्हायला दिवस लागतात. फॉरवर्ड कव्हर, म्हणजे डॉलरचा पुढचा दर आजच बांधून घेणं, फक्त पक्क्या ऑर्डरच्या रकमेवर घ्या आणि वसुलीची तारीख ठरवताना प्रवासाचे वाढलेले दिवस धरा, नाहीतर कव्हर संपतं आणि पैसे आलेले नसतात.

डबा पोचल्यावर

डिटेन्शन आणि डेमरेज यांत गल्लत करू नका. डबा बंदरात पडून राहिला तर डेमरेज, बंदराबाहेर नेऊन परत दिला नाही तर डिटेन्शन. खरेदीदारानं माल उचलला नाही तर बीएलवर शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून तुमचं नाव असल्यानं लाईन तुमच्याकडे येते. मोफत दिवस बुकिंगच्या वेळीच मागा, ७ ऐवजी १४ मिळू शकतात. नंतर मिळत नाहीत. बीएलच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लाईनला मार्ग बदलण्याची आणि धोका वाटल्यास माल दुसऱ्याच बंदरात उतरवून वाहतूक संपल्याचं जाहीर करण्याची मुभा असते. तसं झालं तर तिथून पुढचा खर्च कोणाचा, हे खरेदीदाराशी केलेल्या करारात लिहिलेलं असावं.

माल खराब निघाला तर खरेदीदाराला दार उघडतानाचे फोटो, सील क्रमांक, लॉगरची नोंद आणि स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल लगेच घ्यायला सांगा. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना लाईनला तीन दिवसांत द्यावी लागते. दावा दाखल करण्याची मुदत माल ताब्यात दिल्यापासून एक वर्ष असते. बोलणी लांबत असतील तर ते वर्ष संपण्याआधी मुदतवाढ लाईनकडून लेखी घ्या.